मधमाशीचा नंबर

मधमाशीला माझ्या दुकानातल्या खुर्चीवर बसवलं, तर चार्टवरचं सर्वांत वरचं, ढब्बू अक्षर वाचायला तिला एक मीटरपर्यंत पुढे यावं लागेल. निरोगी डोळ्याला सहा मीटरवरून वाचता येते ती सिक्स बाय सिक्सची ओळ वाचायची तर दहा सेंटिमीटरवर. हिशेब साधा आहे. निरोगी माणसाच्या डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनातला तपशील वेगळा ओळखता येतो, आणि आम्हा चष्मेवाल्यांचा चार्ट त्याच मापावर बेतलेला असतो. मधमाशीचं माप आहे साधारण एक अंश. म्हणजे साठपट ढोबळ. दिवसभर लोकांचे नंबर काढून दमलेल्या माणसाने रात्री जेवण झाल्यावर मधमाशीचा नंबर का काढत बसावं, हा प्रश्न आमच्या घरी विचारून झालेला आहे. त्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे: मामा.

मामांची निफाडकडे द्राक्षबाग आहे. बागेत वेलींच्या उंचीला निळे चिकट सापळे टांगलेले असतात, थ्रिप्ससाठी, म्हणजे फुलकिड्यांसाठी. शेजारच्या भाजीच्या तुकड्यात पिवळे, मावा आणि पांढऱ्या माशीसाठी. एकदा सापळे बदलता बदलता मामा म्हणाले, “यांना निळाच का लागतो रे? लाल लावला तर काय बिघडतं? तू डोळ्यांचा माणूस, तुला माहीत पाहिजे.”

मला माहीत नव्हतं, म्हणून वाचायला घेतलं, आणि मग थांबता आलं नाही. कीटकांना रंग दिसतात हे मामांना सिद्ध करून दाखवायची गरज नव्हती. निळ्या कागदावर चिकटलेल्या बारीक ठिपक्यांनी ते केव्हाच सिद्ध केलं होतं. पण विज्ञानाला ते पटवावं लागलं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कार्ल फॉन फ्रिश यांनी मधमाश्यांना निळ्या कागदावर साखरपाण्याची सवय लावली आणि मग तोच कागद करड्या रंगाच्या गडद-फिक्या छटांमध्ये लपवला. माश्या चुकल्या नाहीत. लाल कागद मात्र त्यांना गडद करड्यापासून वेगळा ओळखता येईना. मधमाशीच्या डोळ्यात हिरव्या, निळ्या आणि अतिनील प्रकाशाच्या पेशी आहेत, लालसाठी वेगळी सोय नाही. तेव्हा मामांच्या लाल कागदाचं उत्तर असं, की अनेक कीटकांच्या लेखी तो जवळजवळ काळा कागद ठरेल. मामांनी मान डोलावली आणि निळेच लावले. बागेचं काम तिथे संपलं, माझं सुरू झालं.

कीटकाचा डोळा असंख्य बारीक भिंगांचा मिळून झालेला, म्हणजे संयुक्त असतो. त्याची रचना थोडक्यात सांगतो. वरून दिसते ती षटकोनी भिंगांची जाळी. प्रत्येक भिंगाखाली एक पारदर्शक शंकू, त्याखाली आठ-नऊ प्रकाशपेशींची उभी जुडी, आणि भोवती रंगद्रव्याने भरलेल्या पेशींचं कुंपण, म्हणजे शेजारचा प्रकाश आत झिरपू नये. या सगळ्याला मिळून म्हणायचं नेत्रिका. फळांवरच्या चिलटाच्या एका डोळ्यात अशा साडेसातशे-आठशे, घरमाशीच्या तीन-चार हजार, कामकरी मधमाशीच्या पाच हजारांच्या आसपास. नर मधमाशीच्या याहून पुष्कळ जास्त, कारण त्याला आयुष्यात एकच काम आहे आणि ते उडत्या राणीला आभाळात शोधण्याचं आहे. काही चतुरांच्या एकेका डोळ्यात नेत्रिकांची संख्या तीस हजारांच्या घरात जाते. त्यांचं डोकं म्हणजे बहुतांशी डोळेच.

सिनेमात माशीच्या नजरेतलं दृश्य दाखवायचं असलं की पडद्यावर एकाच माणसाचे शंभर चेहरे येतात. या समजुतीला जुना आधार आहे. लेव्हेनहूक यांनी सतराव्या शतकात कीटकाच्या डोळ्याचं वरचं पारदर्शक कवच सोलून, स्वच्छ करून, सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि त्यातून मेणबत्तीकडे पाहिलं, तेव्हा त्यांना प्रत्येक भिंगात एकेक उलटी ज्योत दिसली होती. पण ज्योत दिसली ती लेव्हेनहूकना. मधमाशीच्या भिंगामागे ते चित्र झेलायला पडदाच नाही. तिथली पेशींची जुडी आपल्या वाट्याच्या दिशेकडून किती उजेड आला आणि कोणत्या रंगाचा, एवढंच सांगते. एक नेत्रिका, एक ठिपका. अशा हजारो ठिपक्यांचं मिळून एकच चित्र होतं, हे योहानेस म्युलर यांनी १८२६ मध्ये मांडलं.

आता कोणताही चष्मेवाला विचारील तो प्रश्न: भिंगं आणखी बारीक करून दाटीने का बसवली नाहीत? ठिपके वाढले असते, चित्र स्पष्ट झालं असतं.

नसतं झालं. प्रकाश अरुंद छिद्रातून गेला की फाकतो, याला विवर्तन म्हणतात, आणि छिद्र जितकं लहान तितका तो जास्त फाकतो. मधमाशीचं एक भिंग एका मिलिमीटरच्या साधारण चाळिसाव्या भागाएवढं असतं. एवढ्या भिंगातून दृश्य प्रकाश किती फाकेल याचं गणित मांडलं तर उत्तर येतं सुमारे एक अंश. म्हणजे माशीच्या दोन शेजारी नेत्रिकांमधलं अंतर जेवढं, नेमकं तेवढंच. भिंग याहून लहान केलं तर शेजाऱ्यांचे ठिपके एकमेकांत सांडतील, मोठं केलं तर ठिपक्यांची संख्या घटेल. माशी बरोबर त्या सीमेवर उभी आहे. ही तडजोड वेगवेगळ्या आकारांच्या कीटकांत मोजून दाखवली होरेस बार्लो यांनी, १९५२ मध्ये. हे बार्लो म्हणजे चार्ल्स डार्विनचे पणतू. ज्या पणजोबांनी १८५९ मध्ये लिहिलं होतं की डोळ्यासारखी गोष्ट नैसर्गिक निवडीने घडली हे म्हणणं प्रथमदर्शनी अगदीच विसंगत वाटतं (आणि लगेच पुढे ती कशी घडू शकेल हेही लिहिलं होतं), त्यांचा पणतू शंभरेक वर्षांनी कीटकांची भिंगं मोजत बसला, हे मला फार आवडतं.

याच तडजोडीचा दुसरा अर्थ असा, की संयुक्त डोळ्याला माणसाइतकं स्पष्ट दिसायचं असेल तर भिंगंही मोठी हवीत आणि त्यांची संख्याही प्रचंड हवी. कुनो किर्शफेल्ड यांनी १९७६ मध्ये हिशेब केला: माणसाच्या तोडीची नजर हवी तर डोळा सुमारे एक मीटर रुंद लागेल. त्यासाठी फ्रेमची ऑर्डर मी घेणार नाही.

एवढ्यावरून लोक संयुक्त डोळ्याला मागासलेला म्हणून मोकळे होतात, ते मला पटत नाही. जुन्या चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. आपल्याला ती संथ पेटलेली दिसते, कारण सेकंदाला साठेक वेळांच्या पुढची उघडझाप आपला डोळा वेगळी धरू शकत नाही. घरमाशीच्या जातीच्या माश्या दोनशेच्याही पुढे धरतात. अशा माशीला तो दिवा लुकलुकतानाच दिसत असणार, आणि तिच्यावर उगारलेला आपला हात संथपणे खाली येताना. भोवताली जवळजवळ सगळीकडे नजर, मान न वळवता. आभाळाच्या एका निळ्या तुकड्यातल्या ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या, प्रकाशावरून ढगाआडच्या सूर्याची दिशा. रात्रीच्या पतंगांनी तर नेत्रिकांमधली कुंपणंच आखूड केली. शेकडो भिंगांतून आलेला प्रकाश ते एकाच बिंदूवर गोळा करतात. आमच्याकडच्या सगळ्यांत महागड्या काचेतही यातलं काही नाही.

इथवरचा भाग माझ्या धंद्यातला. पुढचा धंद्याबाहेरचा आहे आणि मला तोच जास्त गुंतवतो: हा डोळा बांधतं कोण?

काढणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला की मण्यांना तडे जातात. बागायतदार त्याला क्रॅकिंग म्हणतात आणि तो शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा बघवत नाही. तडकलेला मणी आंबतो, आणि आंबूस वासावर चिलटं येतात. वाइनरीच्या मागे पडलेल्या चोथ्यावर तर विचारू नका. अडीच-तीन मिलिमीटरचं, तांबड्या डोळ्यांचं हे चिलट. (आंब्या-पेरूला डंख करणारी फळमाशी वेगळी आणि मोठी, मामा दोघींची गल्लत कधी करत नाहीत.) डोळा कसा घडतो याबद्दल जगाला जे समजलं आहे, त्यातलं फार मोठं माप या चिलटाच्या पदरात आहे. १९१० मध्ये न्यूयॉर्कला टी. एच. मॉर्गन यांच्या बाटलीत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर निघाला आणि जनुकं गुणसूत्रांवर असतात हे सिद्ध व्हायला त्याने वाट करून दिली. तेव्हापासून डोळ्यात खोट असलेली चिलटं हुडकणं हा जीवशास्त्रातला एक मोठा उद्योगच झाला.

चिलटाच्या अळीला संयुक्त डोळा नसतो. तिच्याकडे दोन्ही बाजूंना डझनभर प्रकाशपेशींचा एकेक पुंजका असतो, उजेड-अंधार कळण्यापुरता. पण तिच्या पोटात, म्हणजे शरीराच्या आत, पेशींचा एक सपाट पदर घडी घालून ठेवल्यासारखा असतो. अळी कोषात जायच्या थोडं आधी या पदराच्या मागच्या कडेला एक बारीक चर पडते आणि ती हळूहळू पुढच्या कडेकडे सरकू लागते. चरीच्या पुढे सगळ्या पेशी सारख्याच, बेशिस्त. चरीच्या मागे नेत्रिकांच्या आखीव रांगा. साधारण दीड-दोन तासांनी एक नवी रांग.

आमची आई ठिपक्यांची रांगोळी काढायची तेव्हा पट्टी कधी घेत नसे. पहिली ओळ डोळ्यांच्या अंदाजाने, आणि दुसऱ्या ओळीचा प्रत्येक ठिपका आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधल्या जागेसमोर. पुढे सगळं आधीच्या ओळीकडे पाहून. चरीतही असंच चालतं. पुष्कळ पेशी एकाच वेळी प्रकाशपेशी व्हायच्या तयारीत येतात, पण जी पुढे निघते ती आसपासच्या पेशींना रोखते. ठरावीक अंतरावर एकेकटी पेशी उरते, आणि आधीच्या रांगेतून येणाऱ्या संकेतांमुळे तिची जागा त्या रांगेतल्या दोघींच्या मधोमध पडते. या पेशीचा क्रमांक आठ. नाव आठवी, पण जन्माने पहिली. ती शेजारच्या दोघींना कामाला लावते, त्या दुसरी आणि पाचवी. मग तिसरी-चौथी, मग पहिली-सहावी, शेवटी सातवी. त्यानंतर भिंग आणि शंकू करणाऱ्या चार पेशी, मग कुंपणाच्या. कोषात गेल्यावर कुंपणातल्या ज्या पेशी जास्तीच्या ठरतात त्या मरून जातात आणि षटकोन आवळून नीट होतात.

यात वंशावळीला काही स्थान असेल असं आधी पुष्कळांना वाटे: एका मूळ पेशीची आठ लेकरं, त्यांची एक नेत्रिका. १९७६ मध्ये रेडी, हॅन्सन आणि बेन्झर यांनी एकाच कुळातल्या पेशींना खूण करून पाहिलं, तर एकाच नेत्रिकेत दोन वेगळ्या कुळांतल्या पेशी सर्रास मिसळलेल्या निघाल्या. पेशी काय होणार हे ठरतं ती कोणाच्या पोटची यावरून नाही, कोणाच्या शेजारी आली यावरून. आपल्याकडे हे वाक्य मोठ्याने म्हटलं तर जीवशास्त्राबाहेरचे वाद सुरू होतील, म्हणून पुढे जातो.

सातव्या पेशीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ती अतिनील प्रकाश टिपते. चिलटांना अतिनील आणि हिरवा असे दोन उजेड दाखवले तर ती अतिनीलकडे धावतात. काही चिलटं उलटी, हिरव्याकडे जाताना आढळली. पाहिलं तर त्यांच्या एकाही नेत्रिकेत सातवी पेशी नव्हती. सातवी व्हायला निघालेली पेशी भिंगाची पेशी होऊन बसली होती. ज्या जनुकातल्या बिघाडाने हे झालं त्याचं नाव पडलं सेव्हनलेस, सातवीविना. नंतर उलगडलं ते असं: आठव्या पेशीच्या अंगावर एक प्रथिन असतं, सातवीच्या अंगावर ते धरणारं दुसरं. दोघी एकमेकींना टेकल्या तरच निरोप पोचतो, आणि आत तो पुढे नेणाऱ्या साखळीत रास नावाचं प्रथिन येतं. हे तेच रास, जे बिघडून सतत चालू राहिलं की माणसात अनेक प्रकारचे कर्करोग होतात. त्या साखळीतल्या कड्या ओळखायला चिलटाच्या एका पेशीच्या असण्या-नसण्याची फार मदत झाली.

या सगळ्यात अख्ख्या डोळ्याचा नकाशा कोणाकडेच नाही. प्रत्येकीला ठाऊक आहे ते शेजारणीपुरतं. आणि डार्विनच्या अडचणीचा एक मोठा भाग मला इथे सुटताना दिसतो. आठशे नेत्रिकांचा आराखडा आणि तीस हजारांचा आराखडा असे दोन वेगळे आराखडे लागतच नाहीत. नियम तोच, चर किती वेळ चालू द्यायची आणि पदर किती मोठा घ्यायचा एवढं बदललं की डोळा लहान किंवा मोठा होतो. उत्क्रांतीला असल्या किरकोळ फेरफारांचीच तर सवय आहे.

पण मुळात ‘इथे डोळा कर’ हे कोण सांगतं? १९१५ मध्ये मिल्ड्रेड होग यांनी एक चिलट नोंदवलं होतं, ज्याचे डोळे अगदी लहान किंवा नाहीतच. जनुकाचं नाव आयलेस. ते जनुक प्रत्यक्ष हाती लागायला १९९४ उजाडलं. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत त्याचा क्रम वाचला गेला, आणि तो उंदरा-माणसांत आधीच माहीत असलेल्या पॅक्स-६ या जनुकाशी जुळला.

इथे मी पुन्हा दुकानात येतो. जन्मतःच बुबुळाचा रंगीत पडदा नसलेली मुलं क्वचित आमच्याकडे गडद काचांसाठी येतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘ॲनिरिडिया’ लिहिलेलं असतं. डोळ्यात उजेड मोजून सोडायची सोय नाही, त्यामुळे उन्हात ही मुलं डोळे मिटूनच चालतात. आयांना मी टिंट किती टक्के ठेवायचा ते समजावतो, कडेने ऊन येऊ नये म्हणून मोठी फ्रेम सुचवतो. या मुलांतल्या बहुतेकांत पॅक्स-६ च्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असते. म्हणजे जे जनुक अधू झाल्यावर चिलटाचा डोळा जातो, त्याचंच भावंड. हे वाचल्यापासून चिठ्ठीवरच्या त्या शब्दाकडे मी पूर्वीसारखं पाहू शकत नाही.

१९९५ मध्ये गेरिंग यांच्या सहकाऱ्यांनी ते जनुक चिलटाच्या अळीत भलत्याच ठिकाणी चालू केलं. पायांवर, पंखांवर, मिशांवर डोळे उगवले, भिंगांसकट, लाल रंगासकट. मग त्यांनी उंदराचं जनुक घातलं. तरीही डोळे उगवले, आणि ते उंदराचे नव्हते. चिलटाचेच, षटकोनी जाळीचे. हुकूम उंदराच्या भाषेतला चालतो, बांधकाम स्थानिक गवंड्यांचंच.

यावर बरीच हमरीतुमरी झालेली आहे. १९७७ मध्ये साल्विनी-प्लावेन आणि मायर यांनी लिहिलं होतं की प्राणिसृष्टीत डोळे निदान चाळीस वेळा स्वतंत्रपणे उपजले. गेरिंग म्हणू लागले, एकदाच. मला दोघे वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताना दिसतात. प्रकाश टिपणारी पेशी आणि ती कुठे करायची हे सांगणारी जनुकं फार जुनी, बहुधा सामाईक. भिंग, पडदा, शंकू, जाळी ही बांधणी मात्र ज्याने त्याने आपापल्या गरजेने केली.

संयुक्त डोळ्याची बांधणी किती जुनी, तर एस्टोनियात सापडलेल्या एका ट्रायलोबाइटच्या, म्हणजे केव्हाच नामशेष झालेल्या एका समुद्री प्राण्याच्या, डोळ्याचं वर्णन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं: वय सुमारे ५३ कोटी वर्षं, आणि विरळ बसवलेल्या शंभरेक नेत्रिका. ऑस्ट्रेलियाच्या कांगारू बेटावर मिळालेल्या अ‍ॅनोमलोकॅरिस या समुद्री शिकाऱ्याच्या डोळ्यात, त्यानंतर अवघ्या दीडेक कोटी वर्षांनी, निदान सोळा हजार. आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांचा डोंगर ज्या काळ्या दगडाचा आहे तो सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. लाव्हा वाहिला त्याच्या आठपट आधीपासून हा डोळा पाहत होता, आणि तेव्हा जमिनीवर पाहण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं. कीटक नंतर आले. पावसाळ्यात ओढ्याला मिळणाऱ्या खेकड्याचा देठावरचा डोळा आणि चिलटाचा डोळा दोन्ही उघडले, तर शंकूच्या चार पेशी आणि आठ प्रकाशपेशी हा साचा दोघांतही ओळखू येतो. ही घराणी समुद्रातच वेगळी झाली, साचा दोघांनी सोबत नेला.

चिलट आपला सगळा डोळा कोषाच्या आसपास एका दमात उरकतं, पण ही नंतरची घाई आहे. जुनी रीत पाहायची तर चतुर बघावा. त्याचं पिल्लू पाण्यात वाढतं, त्याला संयुक्त डोळे पहिल्यापासून असतात, आणि दर वेळी कात टाकताना डोळ्याच्या पुढच्या कडेला नव्या नेत्रिकांची भर पडते. जुन्या मागे सरकतात. नाकतोड्यातही हेच. मागून पुढे सरकणारी चिलटाची ती चर म्हणजे याच कडेची वाढ, फक्त अनेक कातींत पसरलेलं काम दोन दिवसांत कोंबलेलं. गंगापूर धरणाच्या काठच्या गवतावर चतुरांच्या रिकाम्या काती चिकटलेल्या असतात. डोळ्यावरचं पारदर्शक कवचही कातीबरोबरच निघतं, भिंगांची जाळी शाबूत ठेवून. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग त्याला पुरतं. लहान कात आणि मोठी कात शेजारी ठेवली, की भर कोणत्या बाजूने पडत गेली ते मामांनाही दाखवता येतं. त्यांचा पुढचा प्रश्न मात्र तयारच होता: चतुर थ्रिप्स खातो का?